पुस्तक कोणत्या वाटेनं आलं?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला मी जरा लवकरच पोचले. ज्यांच्या घरी बैठक होती त्या काकू सोप्यात वाकळ शिवत बसल्या होत्या. शेजारी पाटावर फोन ठेवलेला, आणि त्यातून एक बाई कादंबरी वाचून दाखवत होती. नातवानं कॉलेजला जाताना लावून दिली होती. मला बघून काकूंनी सुई थांबवली आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्याला वाचन म्हणायचं का हो? का नुसतं ऐकणं? मला तर सहीपुरतंच लिहिता येतंय."

तेव्हा मी "म्हणायचं की" असं म्हणून पुढं गेले. हप्ते गोळा करायचे होते. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आजच्या भागात मी कर्जफेडीचं किंवा शासनाच्या योजनेचं बोलणार नाही. सातारा-सांगली भागात आपल्या बायकांपर्यंत पुस्तक कसं कसं पोचत आलं, ते सांगणार आहे. कारण सगळीकडं ओरड चालू आहे की मोबाईल आला आणि वाचन बुडालं. खरंच बुडालं का, हे कळायला आधी आपण कधी आणि कसं वाचत होतो ते बघायला पाहिजे.

सुरुवात पोथीपासून करू. श्रावणात देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत लागायचं. ह्या पोथ्या रचणारे श्रीधर कवी माणगंगेकाठच्या नाझरे गावचे. शिवलीलामृत त्यांनी १७१८ साली पुरं केलं. म्हणजे तीनशे वर्षं उलटून गेली. ही पोथी किती बायकांना पाठ होती! पण त्यातल्या किती जणींनी ती डोळ्यांनी वाचली होती? फार थोड्यांनी. एक जण वाचायचा, एक जण अर्थ सांगायचा आणि पन्नास जणी वाती वळत ऐकायच्या. घरी आल्यावर त्याच कथा लेकीसुनांना सांगायच्या. त्या काळात पुस्तक म्हणजे कानानं घ्यायची गोष्ट होती. एकटीनं कोपऱ्यात बसून मनात वाचायचं, ही सवय आपल्याकडं बरीच नंतर आली, आणि तीसुद्धा आधी पुरुषांकडं.

आता दुसरी वाट. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई तिथं जन्मल्या. त्यांच्या लहानपणीची एक आठवण नेहमी सांगितली जाते. शिरवळच्या बाजारात त्यांना मिशनरी लोकांकडून एक छोटं पुस्तक मिळालं. वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ते जपून ठेवलं आणि लग्न होऊन सासरी जाताना बरोबर नेलं. १८४० साली, नऊ वर्षांच्या असताना त्यांचं लग्न झालं. पुढं जोतीरावांनी त्यांना शिकवलं. १८४८ ला त्या पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या आणि १८५४ ला त्यांचा स्वतःचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून निघाला. बाजारातून घरी आलेलं, वाचता न येणारं एक पुस्तक, आणि चौदा वर्षांत त्याच मुलीच्या नावाचं पुस्तक. ह्यात माझं लक्ष एका बारीक गोष्टीकडं जातं. ते पुस्तक दुकानातून विकत आणलेलं नव्हतं. आठवडी बाजारात, मीठमिरचीच्या वाटेवर ते हाताला लागलं.

तिसरी वाट पोस्टाची. आणि ही तर आपल्या सांगलीचीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात होता. कारखाना नांगराचा, पण १९२० साली तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रक सुरू केलं. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये त्यांनी खास बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढलं, आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. विचार करा, ना पुणं ना मुंबई. रेल्वेच्या एका लहान स्टेशनाजवळ, नांगर बनवणाऱ्या वाडीत बायकांचं मासिक निघत होतं आणि टपालानं महाराष्ट्रभर जात होतं.

टपालानं जाण्याला मोठा अर्थ होता. त्या काळात सून पुस्तकाच्या दुकानात जाऊन उभी राहिली असती का? पेठेत पुस्तकाचं दुकान असेल, पण तिथवर जायला निमित्त नव्हतं आणि हातात पैसा नव्हता. पोस्टमन मात्र दारात यायचा. मासिक घरात आलं की दुपारी भांडी आवरल्यावर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचं. शिक्षण, लग्न, आरोग्य, स्वतःची कमाई ह्यांवर बायकांनी लिहिलेलं बायका वाचू लागल्या. ह्याच 'स्त्री'मध्ये पुढं विद्या बाळ आल्या, संपादक झाल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. आज ही भाषणं छापणारी आपल्यासारखी लहान मासिकं आहेत, त्यांची वाट किर्लोस्करवाडीच्या टपालानंच पाडून दिलेली आहे.

पण ह्या वाटेवरही राखण करणारे होतेच. मासिक आधी सासऱ्यांच्या हातात पडायचं. ते बघायचे, मग आत जायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मोबाईलच्या वेळी आपल्याला ह्याच गोष्टीकडं परत यायचं आहे.

चौथी वाट वाचनालयाची. सांगलीचं नगर वाचनालय १८६९ सालचं, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनं. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदान सुरू झालं आणि गावोगावी वाचनालयं निघाली. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आपल्या गावातलं बहुधा 'ड' वर्गातलं. एक खोली, दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं. ह्या कायद्याचं मोल मोठं आहे, त्यानं खेड्यात पुस्तक नेलं. पण खरं सांगायचं तर गावची वाचनालयं पुरुषांच्या सवडीनं उघडतात. संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे आपली धार काढायची आणि भाकरी थापायची वेळ. शिवाय दारातच पेपर वाचणाऱ्यांची बैठक. म्हणून बायका पुस्तक बदलायला पोराला पाठवतात, आणि पोरगं हाताला येईल ते घेऊन येतं. माझ्या आईनं असं पोराच्या पसंतीचं पुस्तक वर्षानुवर्षं वाचलं. त्या पोरात मीही होते.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. शहर बुडालं, नदीकाठची गावं बुडाली. नगर वाचनालयातही पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली, त्यात जुनी, परत न मिळणारीही होती. मी तेव्हा पलूस तालुक्यात गटांचं काम करत होते. पाणी उतरल्यावर एका गटाची लोखंडी पेटी उघडली, तर आतल्या वह्यांचा लगदा झालेला. सात वर्षांची बचत, कोणाचं किती, कर्ज कोणाकडं किती, सगळं शाईत होतं आणि शाई वाहून गेली. बाया रडकुंडीला आल्या. घरातलं धान्य गेल्यावर जेवढं रडल्या नाहीत तेवढं त्या वहीसाठी रडल्या. बँकेत गटाच्या खात्याच्या नोंदी संगणकावर होत्या, तो आधार. बाकी हिशोब आम्ही एकीमेकींच्या आठवणीतून तीन दिवस बसून परत मांडला. आता गटाच्या नोंदी लोकॉस ॲपवर भरायच्या असतात. भरताना आमच्या ताया कुरकुरतात, पण त्या भिजलेल्या पेटीपाशी जी बसली होती ती कुरकुरत नाही.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा पटलं की पुस्तक कागदावर असणं आणि पुस्तक टिकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्या जवळच वाईला फार आधी कळलं होतं. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडलं. वीस जाडजूड खंड! कोणाच्या घरात मावणार आणि कोण विकत घेणार? शाळेत असले तर हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद. पण २०११ पासून हे खंड इंटरनेटवर यायला लागले. त्या वेळी मंडळाच्या अध्यक्ष एक बाई होत्या, विजया वाड. आज तोच विश्वकोश कोणालाही फोनवर फुकट वाचता येतो. जे ज्ञान वाईच्या घाटाजवळ तयार झालं आणि वाईपासून तीस मैलांवरच्या बाईला कधी दिसलं नव्हतं, ते आता तिच्या हातात येऊ शकतं.

बरं, गंमत बघा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. त्याच वर्षाच्या शेवटी ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं मिळायला लागली. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल आलं, त्यावर मराठी पुस्तकं ऐकता येतात. म्हणजे सव्वा वर्षात मराठी पुस्तक फोनमध्ये शिरलं. आणि बरोबर ह्याच सव्वा वर्षात, ४ मे २०१७ ला, पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचं गाव सुरू झालं. स्ट्रॉबेरीचं गाव ते. तिथं लोकांनी आपल्या घरातली खोली, ओसरी, देवळाची जागा पुस्तकांना दिली. पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तकं मांडली. कुठं कविता, कुठं कादंबऱ्या, कुठं बालसाहित्य. कोणीही जावं, बसावं, वाचावं. कल्पना इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या हे-ऑन-वाय ह्या गावावरून घेतलेली. पण तिथं जुनी पुस्तकं विकायची दुकानं आहेत, आणि भिलारला पुस्तक विकत नाहीत, वाचायला देतात. तिकडं व्यापार आहे, इकडं पाहुणचार.

ह्या योजनेत पुढं आपलं अंकलखोपही आलं. औदुंबरच्या शेजारचं हे गाव. औदुंबरला स्वातंत्र्याच्या आधीपासून दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. महापुराचं पाणी सोसलेल्या ह्या पट्ट्यातच पुस्तकांचं गाव व्हावं, ह्याचं मला फार बरं वाटलं. म्हणजे पुस्तक फोनमध्ये गेलं म्हणून घरातून गेलं असं झालेलं नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी उघडल्या.

मग दुकानदाराचं काय? आमच्या तालुक्याच्या गावी पुस्तकाचं एक दुकान आहे. ते काका सांगतात, दुकान खरं तर कधीच कादंबऱ्यांवर चाललं नाही. जूनमध्ये वह्या, पाठ्यपुस्तकं, गाईड, वर्षभर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, आणि त्याच्या जीवावर एक फळी कथा-कादंबऱ्यांची. आता ते नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, पैसे फोनवरून घेतात आणि पुस्तक गावच्या एसटीनं नाहीतर ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतात. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. म्हणाले, "ताई, आधी बायका दुकानात फारशा यायच्याच नाहीत. आता निम्म्या ऑर्डरी बायकांच्या. फोटो बघतात, विचारतात, मागवतात. पायरी चढायला लागत नाही ना." म्हणजे ज्या फोननं दुकान बुडेल म्हणत होतो, त्याच फोननं दुकानाचं दार आपल्यासाठी किलकिलं केलं.

पण लगेच त्यांनी मला गप्पही केलं. "आणि तुमच्याच गटाच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात नव्या पुस्तकाची पीडीएफ फिरत होती. माझ्याकडं त्याच्या पाच प्रती आल्या होत्या. एक गेली." मैत्रिणींनो, ती पीडीएफ पुढं पाठवणाऱ्यांत मीही होते. मला वाटलं चांगलं काम करतेय, वाचन वाढवतेय. पण लिहिणारी एखादी आपल्यासारखीच बाई असते. आपण पापड लाटले आणि कोणी पाकिटं फुकट वाटली तर आपल्याला कसं वाटेल? त्या दिवशी मी ग्रुपवर माफी मागितली.

फुकट आणि कायदेशीर असंही भरपूर आहे, ते शोधायला पाहिजे. आपल्या देशात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्यांचं लेखन सर्वांना खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळं त्यांची पुस्तकं २०११ पासून खुली आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं वेबसाईटवर मोफत ठेवली आहेत. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं मोफत पुस्तकं देतं. ह्यातलं काहीही ग्रुपवर टाकलं तर कोणाच्या ताटातलं आपण काढून घेत नाही.

आता फोनची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी फोनची जाहिरात करतेय असं वाटेल. काही वर्षांपूर्वी मी एका ॲपवर थोड्या थोड्या पैशानं दहा-बारा पुस्तकं घेतली होती. एक दिवस त्या ॲपनं पुस्तकांचा विभागच बंद केला. माझी पुस्तकं गेली. पाणी नाही, वाळवी नाही, तरी गेली. जगातही असं झालंय. २००९ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेत लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. हक्कांचा घोळ होता म्हणाले, पैसेही परत दिले. पण तुमच्या कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन घेऊन जातो का? म्हणून फोनमधलं पुस्तक विकत घेतलं तरी ते आपलं असतंच असं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तो फोन कोणाचा? आमच्या गटात मी हात वर करायला सांगितले. घरात मोठा फोन आहे, सगळ्यांनी हात वर केले. तो फोन तुमचा स्वतःचा आहे का? निम्मे हात खाली आले. फोन नवऱ्याबरोबर रानात जातो, पोराबरोबर कॉलेजला जातो, आणि त्याच्याबरोबर पुस्तकही जातं. काकूंना कादंबरी कधी मिळते? नातू विसरून गेला तर. सासऱ्यांच्या हातातलं मासिक आठवा. पोथी असताना वाचणारा बुवा होता, मासिकाला सासरे होते, वाचनालयाला वेळ होती, आता फोनला पासवर्ड आहे. वाट नवी झाली तरी तिच्यावर कोण उभं आहे, हे दर वेळी बघावं लागतं.

ह्यावर आमच्या गटात भांडण झालं, ते लपवत नाही. गटाकडं सामाजिक कामासाठी थोडी रक्कम शिल्लक होती. तरुण सुना म्हणाल्या, एक टॅब घेऊ, त्यात हवी तेवढी पुस्तकं. वयस्कर बाया म्हणाल्या, कपाट घेऊन त्यात पुस्तकं ठेवू, टॅब पडला की संपला. दोन बैठका ह्यात गेल्या. शेवटी ज्यांना वाचताच येत नाही त्यांना विचारलं, तर काकू म्हणाल्या, "तुम्ही काय पण घ्या. मला कोणीतरी वाचून दाखवा." सगळ्या गप्प झाल्या.

मग असं ठरलं. एक लहान ब्लूटूथ स्पीकर घेतला. उरलेल्या पैशातून त्याच दुकानदार काकांकडून पुस्तकं घेतली. ती कोणाच्या कपाटात न ठेवता महिन्याला घर बदलतात, बैठकीसारखी. आणि बैठकीची पहिली वीस मिनिटं वाचनाची. एका आठवड्याला एक सून पुस्तकातून मोठ्यानं वाचते, दुसऱ्या आठवड्याला स्पीकरवर ऐकायचं. वाचणारीचा आवाज अडखळतो, जोडाक्षराला थांबतो. तरी बाया तिचंच वाचन जास्त मागतात. का, तर मध्येच थांबवून विचारता येतं आणि भांडताही येतं. नायिकेनं माहेरी परत जायला पाहिजे होतं की नाही, ह्यावर आमचे हप्ते अर्धा तास उशिरा गोळा झाले.

तर काकू, तुम्ही हे ऐकत असालच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मी घाईत दिलं, ते आज नीट देते. हो, ते वाचनच आहे. तुमच्या आजीनं पोथी ऐकली तेही वाचनच होतं. पण एवढ्यावर थांबू नका. सहीत तुमच्या नावाची अक्षरं येतात, बाकीची तुमच्या नातवाकडून शिकून घ्या. आणि त्याच्या आधी तो फोन स्वतः चालू-बंद करायला शिका. मी पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी येते, तेव्हा सुरुवात करू.

आणि बाकीच्या मैत्रिणींना एक काम. तुमच्या घरात पहिलं पुस्तक कोणत्या वाटेनं आलं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. बाजारातून, टपालानं, पोराच्या दप्तरातून, की पोथीच्या बासनातून? केंद्रावर फोन करून सांगा, नाहीतर पत्र लिहा. पुढच्या भागात आपण ती पत्रं वाचू, मोठ्यानं.

नमस्कार.